'द सेट-अप' (१९४९) : स्टोकर थॉम्पसन विकला गेला नाही, की त्याला कुणी विचारलंच नाही?

रात्रपाळी

'पैशाला न विकला गेलेला उतारवयातला बॉक्सर' अशी 'द सेट-अप'ची ओळख करून दिली जाते. मला ती पटत नाही. स्टोकर थॉम्पसनला विकत घ्यायला कुणी आलंच नव्हतं, आणि माझ्या मते अख्खा चित्रपट त्याच एका गोष्टीबद्दल आहे. शेवट उघड केल्याशिवाय हे मांडता येणार नाही. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी आधी पाहून घ्या, जेमतेम सव्वा तासाचा आहे.

थोडक्यात कथा. पॅराडाईज सिटी नावाचं अमेरिकेतलं एक कळकट गाव. तिथल्या बॉक्सिंगच्या हॉलमध्ये एका रात्री बऱ्याच लढती आहेत. सगळ्यात शेवटी, मुख्य लढत उरकल्यावर, स्टोकरची चार राउंडची लढत. त्याचं वय पस्तीस, म्हणजे या धंद्यात म्हातारा. समोर टायगर नेल्सन, त्याच्याहून कितीतरी तरुण. नेल्सनच्या मागे लिटल बॉय नावाचा गुंड उभा आहे. लिटल बॉयचा माणूस स्टोकरच्या मॅनेजरला, टायनीला, पन्नास डॉलर देतो. ठरतं असं की दुसऱ्या राउंडनंतर स्टोकरनं पडायचं. टायनी पैसे खिशात घालतो आणि स्टोकरला यातलं काहीच सांगत नाही. कोपऱ्यात पाणी-टॉवेल बघणारा रेड त्याला विचारतो, अरे, त्याला सांगायला नको का? टायनीचा हिशोब सरळ आहे. स्टोकर तसाही पडणारच आहे, मग त्याला वाटेकरी कशाला करायचा?

भ्रष्टाचारावरच्या चित्रपटांत नायकापुढे आमिष येतं. तो डगमगतो, रात्रभर तळमळतो, मग नाही म्हणतो आणि आपण टाळ्या वाजवतो. इथे आमिष नायकापर्यंत पोहोचतच नाही. ज्या माणसावर सौदा झाला त्याची त्या सौद्यात गरजच नाही. पन्नास डॉलर ही रक्कम तेव्हाही क्षुल्लक होती, पण मला त्याहून जास्त लागतं ते टायनीचं न सांगणं. वर्षानुवर्षं ज्याच्या कोपऱ्यात उभा राहिला त्याच्याबद्दल टायनीच्या मनात एवढीही शंका नाही की हा कदाचित जिंकेल. लिटल बॉय निदान पैसे मोजतो, म्हणजे त्याला थोडी तरी धास्ती आहे. टायनीला तीही नाही. म्हणून माझ्या लेखी या चित्रपटाचा खलनायक लिटल बॉय नाही, टायनी आहे.

तिसऱ्या राउंडनंतर स्टोकर पडत नाही हे पाहून टायनीची गाळण उडते आणि तो कोपऱ्यात खरं सांगून टाकतो. स्टोकर ऐकतो आणि चौथ्या राउंडमध्ये नेल्सनला झोपवतो. या क्षणाला लोक प्रामाणिकपणाचा विजय म्हणतात. मला तिथे दिसतो अपमान झालेला माणूस. लाच नाकारण्याचा विचार त्याच्या डोक्यात असेल असं मला वाटत नाही. त्याला नुकतंच कळलंय की आपली माणसं आपल्या पडण्यावर पैसे घेऊन मोकळी झाली आहेत. तो मारतो ते त्यांना खोटं पाडायला.

आणि मग काय होतं? टायनी आणि रेड तोवर पळून गेलेले असतात. रिकाम्या हॉलमध्ये स्टोकर एकेक दार ढकलून बघतो, दारं बंद. शेवटी बोळात लिटल बॉयची माणसं त्याला गाठतात आणि विटेनं त्याचा उजवा हात चेचतात. शेजारच्या ड्रीमलँड नाचघरातून जॅझ चालू असतं, ढोल वाजत असतो, वाद्यवृंदाच्या सावल्या बोळातल्या भिंतीवर हलत असतात. त्या आवाजात सगळं बुडून जातं. रस्त्यावर कोसळलेल्या स्टोकरला बायको, ज्युली, जवळ घेते. तो सांगतो, मी आज जिंकलो. ती म्हणते, आपण दोघंही जिंकलो.

मी याला विजय मानत नाही. ज्या हातानं जिंकला तो हात गेला. लिटल बॉयचं काही बिघडलं नाही. टायनी उद्या दुसरा कुणीतरी शोधेल. तुमचं मत वेगळं असेल तर कारणांसकट लिहा.

कोपरा क्रमांक ३

मी हौशी बॉक्सिंगमध्ये खेळाडू म्हणून थोडा आणि कोपऱ्यातला माणूस म्हणून बराच काळ काढलाय, त्यामुळे मला हे वाचून राहवलं नाही. तुम्ही स्टोकरवर अन्याय करताय.

त्याला विचारलं गेलं नाही हे फक्त तीन राउंडपुरतं खरं आहे. तिसऱ्यानंतर तो स्टुलावर बसतो तेव्हा त्याला सगळं कळतं. कुणी सौदा केला, कुणाशी केला, आणि लिटल बॉय कोण आहे हेही. राउंडांच्या मध्ये एक मिनिट असतं. त्या मिनिटात बॉक्सरचं काय होतं ते मी जवळून पाहिलंय. छाती भात्यासारखी चालते, ओठ फाटलेला, एका डोळ्यानं धड दिसत नाही, आणि शरीराचा प्रत्येक स्नायू फक्त एक मागतो, बसून राहा. अशा अवस्थेत पडायला कुणी कारण विचारत नाही. हात दोन इंच खाली आले की काम झालं. प्रेक्षकांनाही संशय आला नसता, तीन राउंड मार खाल्लेला पस्तिशीचा माणूस चौथ्यात पडणारच. त्याला हरण्यासाठी इतकी सोपी, इतकी अब्रूदार वाट मोकळी होती आणि त्यानं ती घेतली नाही. आमिष पाकिटातच यावं लागतं असं नाही. त्याच्यापुढे आमिष होतं सुखरूप घरी जाण्याचं. ते त्यानं नाकारलं.

अपमानातून लढला म्हणता. असेलही. पण रिंगमध्ये कुणी शुद्ध तत्त्वासाठी लढलेलं मी तरी पाहिलेलं नाही. राग, भीती, घरचं माणूस बघतंय की नाही, सगळं मिसळलेलं असतं. त्यातून माणूस काय करतो तेच मोजायचं.

आता लढतीबद्दल. स्टोकरचं काम करणारा रॉबर्ट रायन स्वतः डार्टमथ कॉलेजात बॉक्सिंगचा विजेता होता, आणि ते त्याच्या उभं राहण्यातच दिसतं. लढतीची आखणी जॉन इंड्रिसानो या माजी बॉक्सरनं केली. खऱ्या लढतीत इतके सणसणीत ठोसे इतके सलग बसत नाहीत, ही सूट मी देतो. पण दमणं खरं आहे. रायन शेवटी शेवटी मिठी मारून वेळ काढतो, पाठ दोरांवर टाकतो, ते अभिनय म्हणून शिकवता येत नाही. शूटिंगच्या वेळी तो स्वतः चाळिशीला टेकला होता.

सोनचाफा

आतापर्यंतच्या लिखाणात ज्युली शेवटच्या वाक्यापुरती आली. मला तिच्याबद्दल बोलायचंय, कारण माझ्यासाठी हा चित्रपट अर्धा तिचा आहे.

सुरुवातीचा हॉटेल कोझीमधला प्रसंग आठवा. स्टोकर म्हणतो, मी अव्वल लढतीपासून फक्त एका ठोशावर आहे. ज्युली म्हणते, तू कायमच एका ठोशावर असशील. यापेक्षा कठोर आणि यापेक्षा प्रेमानं सांगितलेलं सत्य या चित्रपटात दुसरं नाही. ती त्याला नालायक म्हणत नाही. तिला फक्त दिसतंय की प्रत्येक लढतीनंतर घरी येणारा माणूस थोडा कमी होत चाललाय. तिच्याकडे तिकीट असतं, पण ती जात नाही.

मग दिग्दर्शक रॉबर्ट वाईज काय करतात बघा. लढतींचा तो सगळा गदारोळ चालू असताना ते पुन्हा पुन्हा तिच्याकडे येतात. ती गावातून नुसती चालत राहते. हॉलच्या दारापर्यंत जाते, आतून गर्दीचं ओरडणं कानावर येतं आणि ती मागे फिरते. शेवटी पुलावर उभी राहून तिकीट फाडते, तुकडे खालच्या रहदारीवर पडतात. तिकडे स्टोकर ड्रेसिंग रूमच्या खिडकीतून समोरच्या हॉटेलातल्या आपल्या खोलीचा दिवा बघतोय. दिवा मालवला म्हणजे ती निघाली, असं समजून तो खुश होतो. रिंगमध्ये आल्यावर मात्र तिची खुर्ची रिकामी. ज्युली झालेली ऑड्री टॉटर तोवर बऱ्याचदा कावेबाज, धारदार बायकांच्या भूमिकांत दिसली होती. या चालण्याच्या प्रसंगांत तिला जवळजवळ संवादच नाहीत, आणि तरी ती चालताना काय विचार करतेय ते कळतं.

कोपरा क्रमांक ३, तुम्ही म्हणता त्याच्यापुढे सुखरूप घरी जाण्याचं आमिष होतं. त्या 'घरी' जी बसली आहे तिचा विचार त्या एका मिनिटात त्यानं केला का? गुंडाचा सौदा मोडला की काय होतं हे त्याला माहीत होतं, तुम्हीच लिहिलंत. मग ती जोखीम त्यानं एकट्याच्या जिवावर घेतली नाही, तिच्याही आयुष्यावर घेतली. तिला विचारलं नाही. टायनीनं स्टोकरला विचारलं नाही याचा रात्रपाळींना राग आहे. स्टोकरनं ज्युलीला विचारलं नाही, त्याचं काय?

मी त्याला दोष देत नाही, माझा त्याच्यावर जीव आहे. पण त्याच्या चौथ्या राउंडला शौर्य म्हणताना कुणाच्या तरी वाट बघण्यावर ते शौर्य उभं आहे, हे विसरू नये.

जुनी रिळं

धागा चांगला चाललाय. मी थोडा बांधणीबद्दल लिहितो, कारण मूळ मुद्द्याचं उत्तर मला तिथे सापडतं.

चित्रपट सुरू होतो तेव्हा रस्त्यावरच्या घड्याळात नऊ वाजून पाच मिनिटं झाली आहेत. संपतो तेव्हा सव्वादहा उलटलेले. मधला सगळा वेळ जसाच्या तसा, एकही उडी नाही, एकही आठवण नाही. पार्श्वसंगीतही नाही. जे ऐकू येतं ते त्या गावात वाजत असलेलं, रेडिओ, नाचघर, गर्दी. त्या काळात हॉलिवूडमध्ये बॉक्सरची गोष्ट म्हणजे गरीब पोराचा उदय आणि अधःपात असा ठरलेला प्रवास. १९४७ चा 'बॉडी अँड सोल' तसाच आहे, आणि 'द सेट-अप'च्याच वर्षी आलेला कर्क डग्लसचा 'चॅम्पियन'ही. ('द सेट-अप' काढणारा आरकेओ स्टुडिओ तेव्हा उद्योगपती हॉवर्ड ह्यूजच्या ताब्यात होता आणि 'चॅम्पियन'नं आमच्यातलं उचललं म्हणून त्यांनी कोर्टात धाव घेतली होती.) वाईज यांनी उदय दाखवलाच नाही. स्टोकर कधी कुणी होता का, तेही आपल्याला नीट कळत नाही. बहात्तर-त्र्याहत्तर मिनिटांच्या आत जे होईल तेवढंच त्याचं आयुष्य.

याचा परिणाम असा की 'पुढे काय' हा प्रश्न चित्रपट विचारू देत नाही. रात्रपाळी म्हणतात, टायनी उद्या दुसरा शोधेल. बरोबर, पण तो उद्या चित्रपटात नाही. त्या सव्वा तासात स्टोकर जिंकतो. हिशोब तिथेच थांबतो.

आता 'बॉडी अँड सोल'शी तुलना करायचीच तर करू. तिथे जॉन गारफिल्डच्या चार्ली डेव्हिसला हरण्यासाठी साठ हजार डॉलर देऊ केलेले असतात. तो घेतो, आणि ऐन लढतीत त्याचं मन फिरतं. शेवटी तो गुंडासमोर छाती काढून उभा राहतो आणि म्हणतो, काय कराल, मारून टाकाल? सगळेच मरतात. आणि चालायला लागतो. शेवट म्हणून तो जोरदार आहे, पण त्याची किंमत त्याला पडद्यावर मोजावी लागत नाही. इथे बोळात ती मोजलेली दिसते. त्यामुळे मी 'द सेट-अप'लाच वरचा मानतो.

एक तक्रार मात्र आहे. प्रेक्षकांची ती माणसं. सतत खाणारा जाड्या, कानाला रेडिओ लावून बेसबॉल ऐकणारा, आपल्याला असलं बघवत नाही असं सुरुवातीला दाखवणारी आणि नंतर मार त्याला म्हणून किंचाळणारी बाई, शेजाऱ्याकडून लढतीचं वर्णन ऐकणारा आंधळा. पहिल्यांदा दाखवली तेव्हा अंगावर काटा येतो. पण वाईज त्यांच्याकडे इतक्यांदा जातात की चौथ्या राउंडपर्यंत ती माणसं न राहता खुणा होतात. त्यातला आंधळा तेवढा मनातून जात नाही, कारण त्याला दिसत नसताना त्याची रक्ताची भूक सगळ्यांत जास्त आहे.

पैलतीर

इतक्या चर्चेत एक गोष्ट कुणी काढली नाही, आणि तिच्याशिवाय हा वाद पुरा होत नाही असं मला मनापासून वाटतं.

हा चित्रपट जोसेफ मॉन्क्युअर मार्च यांच्या १९२८ च्या दीर्घ कथाकाव्यावर आधारलेला आहे. त्या काव्यातला बॉक्सर कृष्णवर्णीय आहे. नाव पॅन्सी जोन्स. तुरुंगात जाऊन आलेला, आणि अंगात खरं कौशल्य असलेला. चित्रपटात तो गोरा झाला, नाव बदललं, तुरुंग गेला, प्रेमळ बायको आली. मार्च यांना हा बदल अजिबात रुचला नव्हता. स्टुडिओंकडे तेव्हा करारावर कृष्णवर्णीय नायक नसायचे आणि दक्षिणेकडच्या राज्यांतल्या थिएटरांचा धाक असायचा. कारणं समजतात, पण नुकसान भरून निघत नाही.

नुकसान कसलं ते सांगते. काव्यातला बॉक्सर वर का चढला नाही, याला कारण आहे. ज्या समाजात तो लढतोय त्या समाजानं वरची जागा त्याच्यासाठी ठेवलेलीच नाही. त्याला न सांगता त्याचा सौदा होतो, कारण असल्या माणसाला विचारायचं असतं हे कुणाच्या गावीच नाही. रात्रपाळी ज्या 'न विचारण्या'वर सगळा युक्तिवाद उभा करताहेत त्याचं मूळ तिथे आहे. चित्रपटानं न विचारणं ठेवलं आणि त्यामागचं कारण काढून टाकलं. मग उरलं काय? एक कंजूस मॅनेजर. म्हणून टायनी खलनायक वाटतो. काव्यात तो एका मोठ्या यंत्रणेचा लहानसा दात होता.

चित्रपटात एक कृष्णवर्णीय बॉक्सर आहे, ल्यूथर हॉकिन्स. जेम्स एडवर्ड्सनं केलाय. ड्रेसिंग रूममध्ये तो शांत आहे, आत्मविश्वासानं भरलेला आहे, आणि आपली लढत जिंकून येतो. चांगलं माणूसपण दिलंय त्याला, त्या काळात हेही सहज मिळत नसे. त्याच वर्षी एडवर्ड्सला 'होम ऑफ द ब्रेव्ह'मध्ये मोठी भूमिका मिळाली आणि त्यानं ती पेलून दाखवली. म्हणजे स्टोकर उभा करू शकेल असा नट त्याच ड्रेसिंग रूममध्ये बसला होता. प्रत्येक वेळी तो प्रसंग बघताना माझा संताप होतो.

रात्रपाळी

पैलतीर, तुमचा प्रतिसाद वाचून मी तो भाग पुन्हा लावून पाहिला. एडवर्ड्सबद्दल शंभर टक्के सहमत. पण कारण काढून टाकल्यामुळे चित्रपट पोकळ झाला, हे मान्य नाही.

ड्रेसिंग रूमकडेच बघा. मला वाटतं वाईज यांनी यंत्रणा तिथे दाखवली आहे. तिथे स्टोकर जवळजवळ गप्प बसून असतो आणि समोरून एकेक जण जातो, येतो. शॅनली हा कोवळा पोरगा, पहिलीच लढत, भीतीनं ओकतोय. टोनी सूझा देवावर भरवसा ठेवून आहे. आणि गनबोट जॉन्सन, ज्याच्या डोक्यावर इतके ठोसे बसलेत की बोलणं अडखळतं. हा गनबोट सारखा फ्रँकी मनिला नावाच्या बॉक्सरची गोष्ट सांगत राहतो. मनिला म्हणे एकवीस लढती हरला आणि तरी जगज्जेता झाला. मग गनबोट लढायला जातो आणि त्याला उचलून आणतात. डॉक्टर नाव विचारतो, तर म्हणतो, मी फ्रँकी मनिला. स्टोकर हे सगळं बघत असतो. शॅनली म्हणजे तो पूर्वी होता, गनबोट म्हणजे तो होणार आहे. टायनी एकटा वाईट म्हणून हे चाललेलं नाही, हे त्या खोलीत स्पष्ट दिसतं. पटकथा लिहिणारे आर्ट कोन मुळात क्रीडापत्रकार होते, आणि ही खोली त्यांनी पाहिली असणार असं प्रत्येक वाक्याला वाटतं.

जुनी रिळं, तुमचं म्हणणं की चित्रपटात उद्या नाही. पण गनबोट आहे ना? उद्या त्या टेबलावर झोपवून ठेवलाय.

सोनचाफा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि तो प्रश्न या धाग्यातला सगळ्यात चांगला आहे असं मला वाटतं.

कोपरा क्रमांक ३

मला एक खरी घटना इथे आणायची आहे, कारण ठरवून हरण्याबद्दल सगळे सिनेमातूनच बोलताहेत.

१४ नोव्हेंबर १९४७. न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. जेक लमोटा विरुद्ध बिली फॉक्स. लमोटा म्हणजे दगड, त्याला कुणी खाली पाडू शकत नाही अशी ख्याती. फॉक्स समोर आला आणि लमोटा नुसता दोरांवर टेकून मार खात राहिला. चौथ्या राउंडमध्ये रेफ्रीनं लढत थांबवली. हॉलमधल्या लोकांनाही ही नुरा कुस्ती कळत होती. बॉक्सिंग आयोगानं त्याला निलंबित केलं, पण ते दुखापत लपवल्याबद्दल. खरं त्यानं १९६० साली सिनेटच्या समितीपुढे शपथेवर सांगितलं, की ती लढत मी मुद्दाम हरलो, कारण त्याशिवाय मला जगज्जेतेपदाची लढत मिळतच नव्हती. ती लढत त्याला जून १९४९ मध्ये मिळाली आणि त्यानं मार्सेल सेर्दाँला हरवून किताब घेतला. 'द सेट-अप' त्याच वर्षी मार्चमध्ये आला होता. त्या वेळी अमेरिकेतलं बॉक्सिंग फ्रँकी कार्बोसारख्या गुंडांच्या मुठीत होतं. त्याला पंचवीस वर्षांची शिक्षा झाली ती १९६१ मध्ये.

हे कशासाठी सांगतोय? लमोटा हा माझ्या मते आजवरच्या सर्वांत कणखर बॉक्सरांपैकी एक. विकत घ्यायला आल्यावर तोही वाकला, आणि वाकल्याबद्दल त्याला किताबाची संधी मिळाली. ही आहे ती यंत्रणा, पैलतीर. ती काळ्यालाही वाकवत होती आणि गोऱ्यालाही. (फॉक्स स्वतः कृष्णवर्णीय होता आणि त्याचा बिचाऱ्याचा पुढे वापरच झाला.) या पार्श्वभूमीवर स्टोकर वाकत नाही, याला तुम्ही नुसता अपमानाचा झटका म्हणणार असाल तर मला ते कमी वाटतं. लमोटाचाही अपमानच झाला होता, वर्षानुवर्षं. अपमान प्रत्येकाचा होतो. पुढे काय करायचं ते प्रत्येकाचं वेगळं.

पैलतीर

यंत्रणा दोघांनाही वाकवत होती, मान्य. सारखीच वाकवत होती, हे नाही. लमोटाला वाकण्याच्या बदल्यात किताबाची लढत तरी मिळाली. कृष्णवर्णीय बॉक्सरांतले कित्येक चांगले लोक वाकूनही त्या लढतीपर्यंत पोहोचले नाहीत. 'बॉडी अँड सोल'चं नाव निघालंच आहे तर त्यातला बेन चॅप्लिन आठवा. कॅनडा ली, जो स्वतः आधी व्यावसायिक बॉक्सर होता, त्यानं केलेला. तो बेन जगज्जेता आहे, डोक्याला जीवघेणी दुखापत आहे, आणि ही गोष्ट चार्लीपासून लपवून त्याला रिंगमध्ये उतरवतात. बघा, इथेही न सांगणंच आहे. पण इथे कुणाला सांगितलं जात नाही आणि का, हे पडद्यावर डोळ्यांसमोर आहे. म्हणून जुनी रिळं यांच्या उलट मी 'बॉडी अँड सोल'ला वर ठेवते, शेवट जरा सोपा असला तरी. गारफिल्ड आणि कॅनडा ली दोघंही पुढे, कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून कलावंतांना काम नाकारणाऱ्या, राजकीय काळ्या यादीच्या फेऱ्यात सापडले आणि १९५२ मध्ये काही दिवसांच्या अंतरानं गेले, हे माहीत असताना 'सगळेच मरतात' हे वाक्य मला सोपं वाटत नाही.

जुनी रिळं

ली यांचं काम अप्रतिम आहेच, त्यावर वाद नाही. पण छायाचित्रणात मी हार मानणार नाही. जेम्स वाँग हाव यांनी 'बॉडी अँड सोल'मध्ये पायाला स्केट्स लावून, कॅमेरा हातात धरून लढत टिपली, आणि त्याचं कौतुक व्हायलाच हवं. मिल्टन क्रॅस्नर यांचा कॅमेरा 'द सेट-अप'मध्ये त्याहून वेगळं काहीतरी करतो. तो आपल्याला कधी रिंगमध्ये नेतो, कधी दोरांबाहेर गर्दीत बसवतो, आणि गर्दीत बसलो की आपणही त्या जाड्याच्या रांगेतले होतो. १९४९ च्या कानच्या महोत्सवात क्रॅस्नर यांना छायाचित्रणाचं पारितोषिक मिळालं ते उगाच नाही.

सोनचाफा

मी दोन दिवस या धाग्याकडे नुसती येऊन वाचत होते. रात्रपाळी, शेवटच्या वाक्याबद्दल माझं म्हणणं राहिलंय ते लिहिते.

तुम्ही म्हणता तो विजय नाही, कारण हात गेला. स्टोकरच्या बाजूनं ते खरं आहे. पण ज्युली म्हणते, आपण दोघंही जिंकलो, तेव्हा ती त्याची समजूत काढत नाहीये. ती स्वतःचंही सांगतेय. तिला जे हवं होतं ते मिळालं. तो आता कधीच रिंगमध्ये उतरणार नाही. ज्या गोष्टीसाठी ती रात्रभर गावातून फिरली, ज्यासाठी तिकीट फाडलं, ती घडली, आणि ती घडवली लिटल बॉयच्या विटेनं. तिनं मागितलेलं मागणं एका गुंडानं पुरं केलं, आणि तिला त्यात समाधान वाटतंय. मला ते वाक्य गोड वाटत नाही, भयंकर वाटतं, आणि तरी खोटं वाटत नाही. नवऱ्याचा हात मोडलेला बघून एखाद्या बाईला सुटका वाटावी, इतकं तिला त्या खेळानं छळलंय. बायकांच्या मनाचा हा कोपरा १९४९ मधल्या हॉलिवूडनं दाखवला म्हणून मी या चित्रपटाला मानते.

कोपरा क्रमांक ३

सोनचाफा, वाचून बराच वेळ काही लिहावंसं वाटलं नाही. तरी एक सांगतो. ती जिंकली असेल. पण 'मी आज जिंकलो' हे तो आधी म्हणतो, आणि हात मोडल्यानंतर म्हणतो. बोळात काय झालं ते त्याच्याइतकं कुणालाच माहीत नाही, आणि तरी लढतीचा निकाल काय हे विचारलं तर त्याचं उत्तर बदलत नाही. रेफ्रीनं हात वर केला तो स्टोकरचा. नेल्सन, ज्याला सौदा ठाऊक होता, ज्यानं मिठीत धरून पड, पड म्हणून सांगितलं, तो खाली होता. रात्रपाळी, तुम्ही कितीही म्हणालात तरी हा निकाल मी बदलू देणार नाही.

रात्रपाळी

निकाल मी बदलत नाहीये. स्टोकरनं नेल्सनला हरवलं, निर्विवाद. माझं म्हणणं टायनीबद्दल होतं आणि अजून तेच आहे. चौथ्या राउंडची घंटा झाल्यावर तो कोपरा सोडून पळाला. आपला बॉक्सर जिंकला हे बघायला त्याच्या कोपऱ्यात त्याचं स्वतःचं असं एकही माणूस उरलं नव्हतं.